आजीचं कुंकू काळं का? आणि जुन्या फोटोंचे बाकी सवाल

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की घरातले जुने फोटो काढून बघा, त्यात काही इचित्र, हसू येण्यासारखं दिसलं तर कळवा. आता टेबलावर पाकिटांचा ढीग पडलाय आणि व्हॉट्सॲपवर तर मोजायचं सोडून दिलंय. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, राग मानू नका. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी काही इतिहासतज्ज्ञ वगैरे नाही, आमच्या आण्णांचा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता, शाळा सुटली की मी डार्करूममधे लाल बल्बाखाली ट्रेमधे प्रिंट हलवत बसायचो, हायपोचा, म्हणजे प्रिंट पक्की करायच्या रसायनाचा, वास अजून नाकातून गेलेला नाही. तेवढ्या भांडवलावर हे चाललंय.

प्रश्न : आमच्या घरी १९५८ सालचा लग्नाचा ग्रुप फोटो आहे. वाड्यात, ढेलजेसमोर, तीसेक माणसं असतील. एकही माणूस हसत नाही, नवरा-नवरी तर असे उभे की जणू जामिनासाठी कोर्टात आणलंय. नातू विचारतो, आज्जी तेव्हा कुणी हसतच नव्हतं का? काय सांगू त्याला? (एक आज्जी, अंबाजोगाई)

उत्तर : आज्जी, नमस्कार. त्याला सांगा हसत होते की, पण फोटोवाला गेल्यावर.

नेटवर सगळीकडं एकच उत्तर फिरतं, तेव्हा कॅमेरा स्लो होता म्हणून हसता येत नव्हतं. हे खरंय, पण ते तुमच्या लग्नाच्या शंभर वर्षं आधीचं खरंय. १८३८ ला पॅरिसमधे लुई दागेरनं खिडकीतून खालच्या मोठ्या रस्त्याचा फोटो घेतला, वर्दळीचा रस्ता, घोडागाड्या, माणसं, सगळं चालू, पण प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची त्यामुळं जे जे हललं ते आलंच नाही, रस्ता कर्फ्यू लागल्यासारखा ओस. फक्त कोपऱ्यात एक जण दिसतो, कारण तो पाय पुढं करून बूट पॉलिश करून घेत उभा होता. म्हणजे आज आपल्याकडं जेवढे जुने फोटो आहेत त्यात पहिला दिसणारा माणूस राजा नाही, सरदार नाही, बूट पॉलिशचं गिऱ्हाईक. पॉलिश करणारा बिचारा हात हलवत होता म्हणून पुसट.

पुढं स्टुडिओत माणूस हलू नये म्हणून मागं लोखंडी स्टँड ठेवायचे आणि त्याच्या आकड्यात डोकं अडकवायचे. त्या काळच्या फोटोत कधी कधी साहेबाच्या दोन बुटांमागं तिसराच पाय दिसतो, तो ह्या स्टँडचा. आता मेसेज फिरतात की हे स्टँड मेलेल्या माणसाला उभं करायला वापरायचे. अहो, जिवंत माणसाची मान स्थिर ठेवायची ती काडी, मढ्याचं वजन तिला पेलणार कसं! मेलेल्या माणसाचे फोटो काढायचे हे खरंय, आपल्याकडंही खुर्चीत बसवून काढलेत, पण त्याला हा स्टँड लागत नव्हता.

१८८० नंतर कोरड्या प्लेटा (आधीच मसाला लावून ठेवलेल्या काचा) सगळीकडं झाल्या आणि काम सेकंदाच्या आत व्हायला लागलं. म्हणजे १९५८ ला तुमच्या ढेलजेसमोर कॅमेऱ्याला काहीच अडचण नव्हती, अडचण माणसांना होती. फोटो म्हणजे आयुष्यात दोनदा-तीनदा होणारी गोष्ट, पैसे मोजून माणूस तालुक्यावरून आणलेला, समोर सासरे बसलेले, नवरी आत्ताच मायच्या गळ्यात पडून रडून आलेली, ती दात काढून हसली असती तर चार गावांत झालं असतं ना. त्यात फोटोवाले. आमचे आण्णा काळ्या फडक्यात डोकं घालायच्या आधी जोरात ओरडायचे, "हलू नका, श्वास धरा!" आता श्वास धरलेला माणूस हसणार कुठून? कॅमेरे फास्ट झाले तरी आण्णांचं ओरडणं तेच राहिलं, त्यांनी ते त्यांच्या उस्तादाकडून घेतलेलं, उस्तादानं त्याच्या.

तुम्ही फोटो पाठवलाय म्हणून मी तो भिंग लावून बघितला. आज्जी, मधली माणसं बघू नका, ती फोटोवाल्याच्या ताब्यात असतात. कडा बघा. डावीकडं दुसऱ्या ओळीत मानपानावरून रुसलेले कुणीतरी तोंड फिरवून बसलेत (प्रत्येक लग्नात एक असतातच, तुमच्याकडं मामा होते का जावई?). दाराच्या चौकटीत एका लेकराला दोन तोंडं आलीत, ते हललं म्हणून. आणि वर माळवदावर तिघीजणी पदर तोंडात धरून हसायलेत, त्यातली एक तर वाकून पार दुणी झालीय. नातवाला तेवढं दाखवा.

प्रश्न : दादा, आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो आहे. आजी पांढऱ्या फटक लुगड्यात, आणि आजोबा शेजारी ठणठणीत बसलेत! आत्या म्हणते आजी जन्मात पांढरं नेसली नव्हती. वरून कपाळावर कुंकवाच्या जागी काळा गोळा, जणू गोळी लागलीय. ह्यावरून आमच्याकडं दोन दिवाळ्या वाद चाललाय. (एक नात, वसमत)

उत्तर : ताई, वाद मिटवा, आत्याबाई बरोबर आहेत.

जुन्या प्लेटांना आणि फिल्मला निळा रंग फार दिसायचा आणि लाल अजिबात दिसायचा नाही. डार्करूममधे लाल बल्ब का लावायचे? कारण कागदाच्या लेखी तो उजेडच नाही, त्याला अंधारच वाटतो. मग कपाळावरचं कुंकू लालभडक असलं तरी प्लेटच्या हिशोबानं तिथं काहीच नाही, म्हणजे प्रिंटमधे काळं. आणि निळ्याचं उलटं, फिक्कं निळं लुगडं एवढं झळकायचं की पांढरं व्हायचं. आत्याला विचारा, आजीकडं आकाशी रंगाचं लुगडं होतं का. माझी पैज आहे होतं. ह्याच कारणानं जुन्या फोटोत आभाळ नेहमी कोरं असतं, भर आषाढात काढला तरी ढगाचा पत्ता नाही. अगदी सुरवातीच्या प्लेटांवर पिवळा पण काळपट यायचा, म्हणजे हळदीची नवरी फोटोत कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी.

फोटोवाल्यांना हे माहीत होतं, ते गप्प बसून उपाय करायचे. आण्णा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचे, निगेटिव्हवर जिथं शिसं लागलं तिथं प्रिंट उजळ होतो, मग कुंकवाचा गोळा जरा निवायचा. त्याच पेन्सिलीनं देवीचे व्रण पण जायचे. स्थळ दाखवायच्या फोटोला तर हे ठरलेलंच, अख्ख्या तालुक्यात देवीचे व्रण नसलेल्या पोरी सगळ्यात जास्त आमच्या स्टुडिओत होत्या असं आण्णा स्वतःच सांगायचे. तुमच्या आजीच्या कपाळावर पेन्सिल फिरली नाही म्हणजे फोटोवाला आळशी होता किंवा आजोबांनी जादा पैसे दिले नाहीत. दुसरं जास्त शक्य वाटतं, आजोबांचा चेहरा बघून.

प्रश्न : आमच्या वडिलांनी काढलेल्या एकूण एक फोटोत माणसांची डोकी कापलेली आहेत. हात थरथरायचा का? (जालना)

उत्तर : हात नाही, खिडकी. साध्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, खिडकी वर, लेन्स खाली. लांबचा फोटो असेल तर फरक पडत नाही पण माणूस जवळ उभा असला की खिडकीतून डोकं दिसतं आणि लेन्सला फक्त गळ्यापासून खाली. वडील प्रेमळ असणार, जवळ जाऊन काढायचे.

प्रश्न : तीन काकांचा फोटो, जत्रेत काढलेला. तिघं विमानात बसलेत, मधल्या काकांच्या हातात स्टेअरिंग. विमानावर काहीतरी लिहिलंय ते वाचताच येत नाही, अक्षरं उलटी. आणि तिन्ही काकांचं घड्याळ उजव्या हातात! आमच्यात कुणी डावखुरं नाही. विमान खरं नाही एवढं मला कळतं बरं का. (परभणी)

उत्तर : कळतंय हे चांगलंय, कारण मला एकानं विचारलंय की आमचे पणजोबा दल लेकला कधी गेले होते.

आधी उलट्याचं सांगतो. निगेटिव्ह छापताना पालथी ठेवली की सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. घाईत, जत्रेच्या तंबूत, कंदिलाच्या उजेडात काम चाललेलं, कोण बघायलंय. ओळखायच्या खुणा लक्षात ठेवा: अक्षरं तर आहेतच, पण अक्षरं नसतील तर पुरुषाच्या सदऱ्याची बटणपट्टी बघा, डावी बाजू उजवीवर यायला पाहिजे. बाईच्या नाकातली नथ बघा, आपल्याकडं ती डावीकडं असते. अमेरिकेत बिली द किड नावाचा एक प्रसिद्ध डाकू होऊन गेला, त्याचा पत्र्यावर काढलेला फोटो आहे, त्या पद्धतीत चित्र उलटंच यायचं, आणि लोक कित्येक वर्षं समजत होते की तो डावखुरा. तुमचे काका एकटे नाहीत.

आता विमान. माळेगावची खंडोबाची जत्रा घ्या, कुठलीही मोठी जत्रा घ्या, घोड्यांचा बाजार एकीकडं, तमाशाचे तंबू एकीकडं आणि मधे कुठंतरी फोटोवाल्याची कनात असणारच. प्लायवूडचं नाहीतर पुठ्ठ्याचं विमान, मागं फळी, फळीवर बसायचं. विमान नको असेल तर मोटारसायकल. ज्याला देवधर्माचं काढायचंय त्याच्यासाठी देवीचं मोठं चित्र. स्टुडिओत ह्याचंच जरा सभ्य रूप, मागं रंगवलेला पडदा, त्यावर जिना, खांब, कारंजं, तळं, आणि समोर आमचा गडी सतरंजीवर अनवाणी. पडद्याची गंमत अशी की तो संपतो. कडेला भिंतीचा पोपडा दिसतो, नाहीतर पडदा धरून उभ्या असलेल्या पोराची चार बोटं. माझी बोटं अशा किती घरांच्या भिंतीवर लटकली असतील कुणास ठाऊक.

आमच्या स्टुडिओत एक करडा कोट होता. एकच. खिळ्याला अडकवलेला असायचा. ज्याला मोठा होईल त्याला मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, ज्याला लहान होईल त्याला फक्त खांद्यावर टाकायचा आणि हात मागं घ्यायला सांगायचं. टाय तयार गाठीचा, इलॅस्टिकवाला. आणि एक घड्याळ, बंद पडलेलं, त्यात कायम सव्वाचार. जावई, पाटील, नवे मास्तर, पोलिसात लागलेलं पोरगं, सगळे त्याच कोटात आणि सगळे सव्वाचार वाजता. एकदा दोन व्याही घरी फोटो बघत बसले आणि दोघांचे जावई एकाच कोटात निघाले, तिथून आण्णांनी दुसरा कोट शिवायचं मनावर घेतलं पण झालं नाही.

तुमच्या काकांच्या फोटोत विमानाच्या खाली बघा, तीन जोड्या चपला काढून ठेवल्यात. विमानात बसायचं म्हणून चपला बाहेर!

प्रश्न : १९८५ चं आमचं लग्न. अल्बम पूर्ण लाल पडलाय, सगळे पाहुणे संतापल्यासारखे दिसतात. (धाराशिव)

उत्तर : काही पाहुणे खरंच संतापलेले असतील. बाकीच्यांचं असं की कलर प्रिंटमधे तीन रंगांचे थर असतात, त्या काळच्या कागदावरचा निळसर थर अंधारात बंद ठेवला तरी हळूहळू उडतो, मग लाल-गुलाबी तेवढं उरतं. स्कॅन करून रंग बराच परत आणता येतो. पाहुणे नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या घरात एका बाळाचा फार जुना फोटो आहे. बाळ शालीनं झाकलेल्या खुर्चीवर बसलंय, पण खुर्चीला खाली दोन पाय आहेत आणि पायात जोडवी! (हिंगोली)

उत्तर : ती खुर्ची नाही, ती माय आहे. विलायतेत तर ह्याची फॅशनच होती, बाळ हलू नये म्हणून आईनं धरायचं आणि आईवर शाल नाहीतर पडदा टाकायचा, फोटोत बाळ एकटं आणि मागं फर्निचरचं भूत. आपल्याकडं त्यात पडद्याची भानगड जास्त. निजामाच्या राज्यात बायका परक्या पुरुषासमोर बसणार कशा म्हणून राजा दीनदयाळ, जे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते, त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथं कॅमेऱ्यामागं बाईच असायची. हे बड्या घरांचं झालं. तुमच्या सासूबाईंच्या घरात शाल पुरली असं त्यांना वाटलं असेल. जोडवी मात्र राहिली. घरात कुणाची जोडवी तशी आहेत का बघा, खुर्चीचं नाव कळेल.

प्रश्न : वडील हैदराबादला शिकायला होते. त्यांच्या कॉलेजचा हातभर लांब फोटो आहे, शेदोनशे पोरं. त्यात एकच पोरगा, रुमी टोपीवाला, डाव्या टोकाला पण आहे आणि उजव्या टोकाला पण. जुळे होते म्हणावं तर दोघांच्या सदऱ्याला एकाच जागी शाईचा डाग. (एक रिटायर मास्तर, सेलू)

उत्तर : मास्तर, तुम्ही पोरांच्या कॉप्या कशा पकडत असाल ते कळलं!

जुळे नाहीत. एवढे लांब फोटो काढायचा कॅमेरा स्वतः फिरायचा. स्टँडवर दात्यांची चकती, चावी दिली की कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सावकाश वळणार आणि आतली फिल्म पण तेवढ्याच गतीनं सरकणार. विसाव्या शतकाच्या सुरवातीपासून असे कॅमेरे अमेरिकेत विकायला होते. पोरांना बसवायचे पण अर्धगोलात, म्हणजे प्रिंटमधे रांग सरळ येते. आता कॅमेरा डावीकडून निघाला, ह्याचा फोटो झाला, की हा गडी खाली वाकून सगळ्यांच्या मागून पळत पळत उजव्या टोकाला जाऊन उभा, कॅमेरा येईपर्यंत टोपी सारखी केलेली. विलायतेतल्या शाळांत हा खेळ चालायचाच, पण आपल्या मुलखातला पोरगा रुमी टोपी सांभाळत पळालाय हे बघून मला फार बरं वाटलं. तेव्हा मराठवाड्यातल्या पोराला शिकायचं तर हैदराबाद हाच रस्ता होता, उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, आपलं मराठवाडा विद्यापीठ व्हायला १९५८ उजाडलं. एवढ्या लांब जाऊन, उर्दूत शिकून, ह्यानं अक्कल कशात लावली बघा. दुसऱ्या टोकाच्या फोटोत तोंड जरा उघडं आहे ना? दम लागलाय त्याला.

प्रश्न : आजीच्या मागं एक आरपार दिसणारा माणूस उभा आहे. घरात ह्या फोटोवरून अंगारा-धुपारा झालाय. (गंगाखेड)

उत्तर : अंगारा पुसा. एकतर रोल पुढं सरकवायचा राहिला आणि एकावर दुसरा फोटो पडला, नाहीतर काचेची प्लेट जुनीच धुऊन परत वापरली आणि आधीचं गिऱ्हाईक पूर्ण गेलं नाही. ह्या चुकीवर एकानं धंदा केला होता. विल्यम ममलर म्हणून अमेरिकेतला माणूस, १८६० च्या दशकात त्याच्या प्लेटेवर अशी एक आकृती आली आणि त्यानं जाहीरच केलं की मी मेलेल्या नातेवाइकांसकट फोटो काढून देतो. यादवी युद्धात घरोघरी माणसं गेलेली, लोकांनी रांगा लावल्या. १८६९ ला फसवणुकीचा खटला झाला, त्यात तो सुटला, आणि पुढं लिंकनची बायको पण त्याच्याकडं बसून आली, मागं नवऱ्याची सावली घेऊन.

तुमच्या फोटोतल्या भुतानं पायजमा घातलाय आणि हातात स्टीलचा डबा आहे. मला वाटतं तो फोटोवाल्याचं जेवण घेऊन आलेला माणूस आहे, शटर उघडं असताना मधेच येऊन क्षणभर थांबला आणि गेला.

प्रश्न : जुन्या पेटीत एक कार्ड सापडलं, त्यावर लेण्याचे दोन सारखेच फोटो शेजारी शेजारी चिकटवलेत. छापणाऱ्याची चूक का? (सिल्लोड)

उत्तर : चूक नाही हो, तो त्या काळचा थ्रीडी. दोन्ही फोटो सारखे वाटतात पण नीट बघा, दोन डोळ्यांमधलं अंतर असतं तेवढी जागा बदलून काढलेत. ते एका दुर्बिणीसारख्या यंत्रात घालून बघायचे. यंत्र नसेल तर कार्ड नाकासमोर धरून नजर लांब टाका, कार्डाच्या पार पलीकडं, दोनाचे तीन दिसतील आणि मधला उठून उभा राहील. घरच्यांसमोर करू नका, बघणाऱ्याला वाटतं फिट आली.

तुमच्या शेजारच्या अजिंठ्याचं ह्यात मोठं नाव आहे. मेजर रॉबर्ट गिलला १८४४ ला तिथल्या चित्रांच्या नकला करायचं काम मिळालं, त्यानं वर्षानुवर्षं खपून रंगवलेली चित्रं लंडनला पाठवली आणि त्यातली बहुतेक १८६६ ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तोवर त्यानं कॅमेरा हातात घेतलेला, त्यानं काढलेल्या अशा जोडफोटोंचं पुस्तक १८६४ ला निघालं. त्या काळी लेणं केवढं आहे हे कळावं म्हणून फोटोवाले खांबाजवळ एखादा माणूस उभा करायचे. तुमच्या कार्डात पण आहे एक, पटकेवाला, खांबाला टेकलेला. एवढी जगप्रसिद्ध कला मागं, आणि चेहऱ्यावर "साहेब, झालं का" एवढंच.

प्रश्न : पुतण्यानं पणजोबांचा फोटो एआय ॲपमधून काढला. कलर झाला, भेगा गेल्या, पणजोबा हसायला पण लागले. घरात सगळे खूष, मलाच कायतरी खटकायलंय. (लातूर)

उत्तर : मला पण. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. मूळ फोटोत पणजोबांचे समोरचे दोन दात नाहीत हे ओठांवरून सरळ दिसतंय, ॲपनं त्यांना बत्तीस दात दिलेत, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे. रुमी टोपी भगवी झाली. आणि बाजेखाली जी कोंबडी बसली होती तिची उशी झाली! अहो, त्या फोटोत सगळ्यात जिवंत ती कोंबडी होती, पणजोबा श्वास धरून बसलेत आणि ती मान वाकडी करून सरळ कॅमेऱ्यात बघायलीय.

पुतण्याला रागावू नका, त्याची हौस आहे, पण त्याला सांगा मूळ फोटो आधी आहे तसा स्कॅन कर, ६०० डीपीआयला, कडांसकट, पुठ्ठ्यासकट, मागची बाजू पण. कडा क्रॉप करायच्या नाहीत म्हणजे नाहीत. मूळ फोटोला लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा बारीक दोरा मागून हळूहळू सरकवत न्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकटच स्कॅन करा, सोलायला गेलात तर तोंड काचेवर राहील. नावं लिहायची तर मागं, मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं लिहिलं की समोर उमटतं. कोंबडीचं पण लिहा.

प्रश्न : आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर गेलं, आजी गेली. मातीतून एकच फोटो मिळाला, तो पण असा की आजी शिंकायलीय. डोळे मिटलेले, तोंड वाकडं, हातातली टोपली तिरकी. इतकी वर्षं पेटीतच ठेवलाय, भिंतीवर लावायला कसंतरी वाटतं. फोटो सरळ करून मिळेल का? डोळे उघडून? (एक नातू)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

डोळे उघडून मिळतील. बाजारात आता कुणीही करून देतं, पण ते डोळे आजीचे नसतील, कुणाचे तरी असतील. शिंक मात्र तिची आहे. १८९४ ला एडिसनच्या प्रयोगशाळेत चालत्या चित्रांचा कॅमेरा नवा नवा झाला होता, तेव्हा त्यांनी तिथल्याच फ्रेड ऑट नावाच्या कामगाराला नाकाला तपकीर लावून शिंकायला लावलं आणि ते चित्रण अजून जपून ठेवलंय. त्या बिचाऱ्यांना ठरवून शिंक काढावी लागली. तुमच्या गावातल्या फोटोवाल्याला ती आपोआप मिळाली, आणि त्यानं बटण दाबल्यावर स्वतःच कपाळाला हात लावला असेल की रोलमधला एक फोटो वाया गेला.

मी स्कॅन मोठा करून बघितला. टोपलीतून शेंगा सांडतायत, चार हवेतच आहेत, जमिनीला लागलेल्या नाहीत. मागं भिंतीआड एक लेकरू दोन्ही कान झाकून उभं आहे, म्हणजे आजीची शिंक घरात नावाजलेली होती, आधीच कळायचं. सात-आठ वर्षांचं दिसतं, उघडं, कमरेला करदोडा. ते तुम्हीच का?

असाल तर फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा: आजी, शिंकताना. कान झाकलेला मी. आणि डाव्या कोपऱ्यात ज्या बाईचा नुसता हात आलाय, बांगड्यांवरून कुणाचा असेल ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, नाव मिळालं तर मला पण कळवा.